फुलांचे लिंगनिर्धारण

कळीतले पुंकेसर वाढणार की स्त्रीकेसर, की दोन्ही, हे ठरण्याची प्रक्रिया म्हणजे लिंगनिर्धारण. काकडीवर्गात कोवळ्या कळीत दोन्हींचे अंकुर असतात. पुढे एकाची वाढ रोखली जाते. सोलापूर जिल्ह्यात या प्रक्रियेचे चार निराळे प्रकार शेतातच पाहता येतात.

पहिला खरबुजाचा. डब्ल्यूआयपी-१ हे जनुक चालू असले की स्त्रीकेसर खुंटतो आणि नर फूल येते. एसीएस-११ त्याला बंद पाडते, मग एसीएस-७ पुंकेसर रोखते आणि मादी फूल तयार होते. ही दोन्ही एसीएस जनुके इथिलीन (वायुरूप वनस्पती-संप्रेरक) बनवण्याच्या साखळीतली आहेत. एसीएस-७ निकामी असेल तर फूल द्विलिंगी होते. लागवडीतल्या बहुतेक खरबुजांवर नर आणि द्विलिंगी फुलेच असतात, म्हणून संकरित बियाण्यासाठी कळी उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढावे लागतात.

काकडीत लांब दिवस, उष्णता आणि जादा नत्र यांमुळे नर फुले वाढतात. त्यावर इथेफॉनची, म्हणजे इथिलीन सोडून मादी फुले वाढवणाऱ्या रसायनाची, फवारणी वेल दोन पानांवर आणि पुन्हा चार पानांवर असताना करतात, २०० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत २०० भाग) आसपास. ३९ टक्क्यांचे द्रावण असेल तर १० लिटर पाण्याला साधारण ५ मिलि. वेल पसरल्यावर फवारले तर खालच्या पेरांवरच्या कळ्यांचे लिंग आधीच ठरून गेलेले असते. मात्रा वाढली की वेल खुजा राहतो. इथेफॉन आम्लात टिकते, अल्कधर्मी पाण्यात फुटून इथिलीन पंपातच उडून जाते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर द्रावण करून ठेवू नये. फक्त मादी फुलांच्या वाणाचे बी धरायचे असेल तेव्हा उलटा उपाय: २५० ते ४०० पीपीएम सिल्व्हर नायट्रेट. चांदी इथिलीनचा परिणाम अडवते आणि नर फुले येतात. जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरकही काकडीत नराकडे झुकवते. मक्यात मात्र तेच कणसातले पुंकेसर दाबते, तेव्हा एका पिकाचा डोस दुसऱ्याला लावू नये.

पपईत मुख्य निर्णय गुणसूत्रांचा. द्विलिंगी झाडाच्या स्वपरागित बियांतून दोन द्विलिंगी रोपांमागे एक मादी निघते, आणि फुलोरा येईपर्यंत ती नुसती पाहून ओळखू येत नाही. उन्हाळ्याच्या तडाख्यात द्विलिंगी झाडाचा स्त्रीकेसर खुंटतो, फळांची माळ मध्येच तुटते.

डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला २००५ पासून आहे. बागायतदार जिला ‘मादी कळी’ म्हणतात ती खरे तर द्विलिंगी. तिचे बूड फुगीर, सुरईसारखे. नर कळीचे निमुळते, घंटेसारखे. उभी चिरली की नर फुलात वर्तिका (स्त्रीकेसराची दांडी) आखूड, परागकोशांच्या खालीच राहिलेली दिसते. पानगळीसाठी मारलेले इथेफॉन मादी कळी वाढवते असा समज आहे. त्याचे काम पाने पाडणे एवढेच. पाणी तोडून ताण देण्याआधी काडीत अन्नसाठा झाला नसेल, किंवा पहिल्या पाण्यासोबत युरिया जास्त पडला, तर नर कळीच जास्त निघते आणि गळून जाते.