ओ, सँड्रा

ओ, सँड्रा : (२० जुलै १९७१ – ). कोरियन वंशाच्या कॅनेडियन अभिनेत्री. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ (२००५–) या मालिकेतील डॉ. क्रिस्टिना यांग आणि ‘किलिंग ईव्ह’ (२०१८–२२) मधील ईव्ह पोलास्ट्री या त्यांच्या दोन भूमिका जगभर गाजल्या. रंगभूमी, चित्रपट आणि सचेतपटांतील (अ‍ॅनिमेशनपटांतील) आवाज या क्षेत्रांतही त्यांचे काम आहे. तथापि त्यांची खरी ओळख छोट्या पडद्यावरचीच.

नाव व जन्मस्थळ : त्यांचे कोरियन नाव ओ मी-जू. कोरियनमध्ये आडनाव आधी येते आणि हे आडनाव केवळ एका स्वराचे आहे. रोमन लिपीत ते लिहिताना शेवटी ‘एच’ जोडण्याची रूढी पडली, त्यावरून देवनागरीत ‘ओह’ असे रूप होऊ शकते. परंतु हा हकार मूळ भाषेत नाही आणि इंग्रजी बोलणारेही तो उच्चारीत नाहीत. म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘ओ’ हेच रूप स्वीकारले आहे.

जन्मस्थळ काही ठिकाणी ओटावा, तर काही ठिकाणी नेपियन असे दिलेले आढळते. ही विसंगती प्रशासकीय बदलांमुळे निर्माण झाली आहे. ओंटारिओ प्रांतातील नेपियन हे १९७१ मध्ये ओटावाला लागून असलेले स्वतंत्र टाउनशिप होते. १९७८ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि १ जानेवारी २००१ रोजी ते ओटावा महानगरात विलीन झाले. त्यांच्या जन्माच्या वेळची स्थिती पाहता नेपियन म्हणणे अधिक काटेकोर. ओटावा म्हणणे आजच्या नकाशाप्रमाणे चूक नाही.

पूर्वायुष्य : आईवडील १९६० च्या दशकात दक्षिण कोरियातून कॅनडात स्थलांतरित झाले. आई जीवरसायनशास्त्रज्ञ, वडील व्यावसायिक. सँड्रा यांनी चौथ्या वर्षापासून बॅले शिकण्यास सुरुवात केली. नेपियनमधील सर रॉबर्ट बॉर्डन हायस्कूलमध्ये असताना त्या पर्यावरणविषयक विद्यार्थी-मंडळात आणि उत्स्फूर्त नाट्याच्या आंतरशालेय स्पर्धांत भाग घेत असत. संहितेशिवाय, समोरच्याचे ऐकून त्याच क्षणी प्रतिसाद देण्याची ही तालीम त्यांच्या पुढील अभिनयात स्पष्ट दिसते. कार्लटन विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण घेण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती नाकारून त्या माँट्रियल येथील नॅशनल थिएटर स्कूल ऑफ कॅनडा या संस्थेत दाखल झाल्या. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत इंग्रजी व फ्रेंच असे दोन स्वतंत्र विभाग एकाच छताखाली चालतात. घरच्यांना ही निवड मान्य नव्हती. १९९३ मध्ये त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला.

कॅनडातील कारकीर्द : त्यांच्याविषयीचे बहुतेक लेखन हा काळ दोन ओळींत आटोपून अमेरिकेकडे वळते. प्रस्तुत नोंदीत त्याला मुद्दाम अधिक जागा दिली आहे, कारण पुढील सर्व गुणांची पायाभरणी येथेच झाली.

‘द डायरी ऑफ एव्हलिन लाऊ’ हा सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा दूरचित्रवाणीपट. व्हँकूव्हरमधील एव्हलिन लाऊ ही कवयित्री किशोरवयात घर सोडून रस्त्यावर राहिली होती. तिच्या आत्मकथनावर तो आधारित आहे. नाट्यशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ओ यांना ही मुख्य भूमिका मिळाली आणि तिच्यासाठी १९९४ मध्ये कान येथील फिपा महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कारही लाभला. फिपा हा दूरचित्रवाणी कार्यक्रमांचा महोत्सव असून त्याच शहरातील प्रसिद्ध चित्रपट महोत्सवाशी त्याची गल्लत करू नये.

त्याच वर्षी मीना शम या दिग्दर्शिकेचा ‘डबल हॅपिनेस’ आला. व्हँकूव्हरमधील चिनी कुटुंबातील जेड ली हिला अभिनेत्री व्हायचे आहे. घरच्यांना मात्र तिने मर्यादेत राहावे, त्यांच्या पसंतीच्या मुलाशी लग्न करावे असे वाटते. या भूमिकेसाठी ओ यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा जिनी पुरस्कार मिळाला. जगबुडीच्या आदल्या संध्याकाळी टोरांटोत घडणाऱ्या डॉन मॅक्केलर यांच्या ‘लास्ट नाइट’ (१९९८) या चित्रपटासाठी हाच पुरस्कार त्यांना दुसऱ्यांदा मिळाला. जिनी हा चित्रपटांसाठीचा व जेमिनी हा इंग्रजी दूरचित्रवाणीसाठीचा पुरस्कार त्या काळी वेगळे होते. २०१२ मध्ये ते एकत्र करून ‘कॅनेडियन स्क्रीन अवॉर्ड्स’ अशी रचना करण्यात आली. त्यामुळे जुन्या पुरस्कारांची आजच्या नावांनी मोजणी करता येत नाही.

मीना शम यांच्याबरोबरचे नाते पुढेही टिकले. ‘लाँग लाइफ, हॅपिनेस अँड प्रॉस्पेरिटी’ (२००२) आणि ‘मेडिटेशन पार्क’ (२०१७) हे दोघींनी मिळून केलेले आणखी दोन चित्रपट. अमेरिकेत नाव झाल्यावरही मायदेशातील छोट्या खर्चाच्या चित्रपटांकडे परत येणारे कलावंत फार नाहीत.

अमेरिकेतील कारकीर्द : १९९६ ते २००२ या काळात एचबीओवरील ‘आर्लिस’ या विनोदी मालिकेत त्यांनी क्रीडापटूंच्या दलालाच्या सहायिकेचे, रीटा वू हिचे काम केले. न्यूयॉर्कमध्ये डायना सन यांच्या ‘स्टॉप किस’ या नाटकातही (१९९८) त्या होत्या. अलेक्झांडर पेन दिग्दर्शित ‘साइडवेज’ (२००४) या चित्रपटाने त्यांना मोठा प्रेक्षक मिळाला. पेन हे त्या वेळी त्यांचे पती होते. २००६ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला.

एबीसी वाहिनीवर मार्च २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’साठी त्यांनी प्रथम मिरांडा बेली या पात्राकरिता ऑडिशन दिली होती. नंतर क्रिस्टिना यांगची भूमिका त्यांनी स्वतःहून मागितली. सिअ‍ॅटलच्या रुग्णालयातील ही हृदयशल्यविशारद महत्त्वाकांक्षी, फटकळ आणि आपल्या कामाला प्रेमसंबंधांपेक्षा वरचे स्थान देणारी आहे. तिला मूल नको आहे, आणि मालिका त्याबद्दल तिला शिक्षा करीत नाही. दहा पर्वे केल्यानंतर मे २०१४ मध्ये ओ यांनी मालिका सोडली; क्रिस्टिना झुरिकला निघून जाते, असे दाखवले गेले. या भूमिकेसाठी २००५ ते २००९ अशी सलग पाच वर्षे त्यांना एमी या अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळाले आणि २००६ मध्ये सहायक अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोब मिळाला.

मालिकेच्या निर्मात्या शोंडा ऱ्हाइम्स यांनी बहुतेक पात्रे वंश न ठरवता लिहिली होती आणि नटांची निवडही तशीच झाली. या पद्धतीविषयी माध्यम-अभ्यासकांत दोन मते आहेत. एका मताप्रमाणे तिच्यामुळेच मुख्य प्रवाहातील मालिकांची दारे उघडली. दुसऱ्या मताप्रमाणे नट वेगळ्या वंशाचा, पण त्याचे घर, भाषा, आठवणी पडद्यावर येतच नाहीत, असा पोकळ समावेश तिच्यातून होतो. क्रिस्टिनापुरते पाहता दुसरे मत अगदीच निराधार म्हणता येत नाही; तिचे कोरियनपण मालिकेत क्वचितच दिसते.

‘किलिंग ईव्ह’मध्ये ही उणीव काही अंशी भरून निघाली. ल्यूक जेनिंग्ज यांच्या लघुकादंबऱ्यांवरून फीबी वॉलर-ब्रिज यांनी रचलेली ही मालिका बीबीसी अमेरिका वाहिनीवर एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. गुप्तचर खात्यातील कंटाळलेली कर्मचारी ईव्ह आणि जोडी कोमर यांनी साकारलेली भाडोत्री मारेकरी व्हिलानेल यांचा परस्परांविषयीचा ध्यास हा तिचा विषय. संहिता वाचताना आपल्याला कोणती भूमिका देऊ केली आहे हे आपल्या लक्षातच आले नाही, ती थेट ईव्हची असेल असे मनात आले नाही, असे ओ यांनी मुलाखतींत सांगितले आहे. तिसऱ्या पर्वात ईव्ह लंडनच्या न्यू मॉल्डन या कोरियन वस्तीतील उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात राबताना दिसते. चार पर्वांचे मुख्य लेखन चार वेगवेगळ्या लेखिकांकडे होते. पहिल्या दोन पर्वांनंतर कथानकाची पकड सैल झाली, तरी ईव्हचा चेहरा वाचण्याजोगा राहिला.

‘पहिल्या आशियाई’चा प्रश्न : ओ यांच्याविषयीच्या लेखनात ‘पहिली आशियाई अभिनेत्री’ हे शब्द वारंवार येतात. असा प्रत्येक दावा कोणत्या पुरस्काराच्या कोणत्या विभागाविषयी आहे हे पाहूनच स्वीकारावा. ‘आशियाई’ हा शब्दही सगळीकडे एकाच अर्थाने येत नाही. उत्तर अमेरिकेच्या बोलण्यात तो मुख्यतः पूर्व आशियाई चेहऱ्यांसाठी, ब्रिटनमध्ये प्रामुख्याने भारतीय उपखंडातील लोकांसाठी वापरला जातो, आणि मराठी वाचकाच्या मनात तर सबंध खंड उभा राहतो.

२०१८ मध्ये नाट्यमय मालिकेतील मुख्य अभिनेत्रीच्या एमीसाठी नामांकन मिळालेल्या त्या आशियाई वंशाच्या पहिल्या अभिनेत्री, हे विधान योग्य आहे. पुरस्कार मात्र मिळाला नाही. ‘एमी मिळवलेली पहिली आशियाई अभिनेत्री’ असे त्यांच्याविषयी म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते. भारतीय वंशाच्या ब्रिटिश अभिनेत्री आर्ची पंजाबी यांनी २०१० मध्येच सहायक अभिनेत्रीचा एमी पटकावला होता. मुख्य अभिनेत्रीचा मान २०२४ मध्ये ‘शोगुन’साठी आना सावाई यांना मिळाला.

६ जानेवारी २०१९ रोजी ओ यांना नाट्यमय मालिकेतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोब मिळाला. येथेही ‘पहिली’ म्हणता येत नाही, कारण १९८० च्या ‘शोगुन’ या त्याच नावाच्या जुन्या मालिकेसाठी जपानी अभिनेत्री योको शिमादा यांना हा पुरस्कार पूर्वीच मिळालेला होता. दोन गोल्डन ग्लोब मिळवणाऱ्या आशियाई वंशाच्या पहिल्या अभिनेत्री, तसेच या सोहळ्याच्या पहिल्या आशियाई वंशाच्या सूत्रसंचालक (अँडी सँबर्ग यांच्यासह), ही दोन विधाने मात्र टिकतात. त्या रात्री सभागृहात बसलेल्या आईवडिलांचे आभार त्यांनी कोरियनमध्ये मानले. या अभिनेत्रीच्या वाटचालीत कोणत्याही क्रमांकापेक्षा तो क्षण अधिक बोलका आहे.

नंतरचे कार्य व सन्मान : ‘द चेअर’ (२०२१) या मालिकेत त्यांनी विद्यापीठातील इंग्रजी विभागाच्या पहिल्या महिला प्रमुखाची भूमिका केली. टोरांटोत घडणाऱ्या ‘टर्निंग रेड’ (२०२२) या सचेतपटात त्यांनी आईच्या पात्राला आवाज दिला. मार्च २०२१ मध्ये आशियाई लोकांवरील हल्ल्यांच्या निषेधार्थ पिट्सबर्ग येथे झालेल्या सभेत त्यांनी भाषण केले. २०११ मध्ये टोरांटोतील कॅनडाज वॉक ऑफ फेमवर त्यांचे नाव कोरले गेले. २०१९ मध्ये गव्हर्नर जनरलच्या प्रयोगकला पुरस्कारांतर्गत नॅशनल आर्ट्स सेंटर पुरस्कार मिळाला. हे केंद्र त्यांच्याच ओटावात आहे. २०१८ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतरही कॅनडाशी असलेले नाते तुटले नाही. २०२२ मध्ये ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’च्या ऑफिसर या श्रेणीत त्यांची नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबरला राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीस त्या कॅनडाच्या शिष्टमंडळातून उपस्थित राहिल्या. २०२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधील ऑलिव्हिया त्यांनी साकारली.