वीज परत जाते, तारा मात्र तापतात

नवी मुंबईतल्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांत दिवसरात्र कॉम्प्रेसर, पंप, लेथ चालतात. या साऱ्यांच्या मोटारींना फिरण्यासाठी चुंबकीय क्षेत्र लागतं. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून क्षेत्र उभारण्यापुरती ऊर्जा प्रत्येक फेजमध्ये सेकंदाला १०० वेळा मोटारीत जाते आणि तितक्याच वेळा परत फिरते. तिच्यातून काम काहीच होत नाही, पण तिला वाहून नेणारा करंट खराच असतो आणि केबल, ट्रान्सफॉर्मर तापवतो.

प्रत्यक्ष कामाची शक्ती किलोवॅटमध्ये मोजतात, तारांवरचा एकूण भार केव्हीएमध्ये (किलोव्होल्ट-अँपिअर). पहिल्याला दुसऱ्याने भागलं की पॉवर फॅक्टर मिळतो. ४१५ व्होल्टवर १०० किलोवॅटचा लोड ०.७ पॉवर फॅक्टरला सुमारे १९९ अँपिअर घेतो, ०.९८ला फक्त १४२. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तारांमधला व्यय जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यासाठी लागतात सुमारे ८२ केव्हीएआरचे (ये-जा करणारी शक्ती मोजण्याचं एकक) कॅपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारी उपकरणं. ही ये-जा करणारी ऊर्जा मग मोटार आणि कॅपॅसिटर यांच्यातच फिरत राहते.

राज्यात उच्चदाब ग्राहकांचं वीजबिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच युनिटवर, म्हणजे कामाच्या किलोवॅट-तासांऐवजी एकूण भाराच्या केव्हीए-तासांवर निघतं. पूर्वी पॉवर फॅक्टर ०.९० च्या खाली गेला की वेगळा दंड लागायचा. आता घसरलेला पॉवर फॅक्टर थेट युनिटमध्येच दिसतो. मला हा बदल न्याय्य वाटतो. करंट वाहून नेण्याचा बोजा ज्याच्यामुळे पडतो, त्यानेच तो सोसावा.

पण इथे एक गोष्ट हमखास निसटते. कॅपॅसिटर बँक मेन पॅनेलपाशी बसवली की मीटर खूश होतो, पण पॅनेलपासून मोटारीपर्यंतची केबल आधीइतकीच तापते. मोठ्या, सतत चालणाऱ्या मोटारीचा कॅपॅसिटर तिच्याजवळच असावा. कमी-जास्त होणाऱ्या उरलेल्या लोडसाठी एपीएफसी पॅनेल, म्हणजे गरजेप्रमाणे कॅपॅसिटर आपोआप जोडणारं-तोडणारं पॅनेल, योग्य. रात्री यंत्रं बंद आणि कॅपॅसिटर चालूच राहिले, तर पॉवर फॅक्टर लीडिंगकडे (करंट व्होल्टेजच्या पुढे) जातो आणि व्होल्टेज चढतं.

व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारं उपकरण) आणि यूपीएसमुळे हार्मोनिक्स, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट, येतात, हे वेगळंच दुखणं. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत अशी उपकरणं भरपूर. तिथे नुसते कॅपॅसिटर लावले तर रेझोनन्स होऊन, म्हणजे हे करंट अनेक पटींनी वाढून, ते फुगतात, कधी फुटतात. सोबत डीट्यून्ड रिअॅक्टर, म्हणजे हा रेझोनन्स टाळणारी कॉइल, हवाच, आणि कॅपॅसिटर मागवण्याआधी हार्मोनिक्सचं मोजमाप.