सावित्री महाडला ओलांडायची की बाणकोटला?

दर गणपतीत कुणीतरी एक पाहुणा चहाचा कप खाली ठेवतो आणि म्हणतो, "तुमच्या त्या सागरी महामार्गाचं काम काय संपत नाही बघा! २०११ पासून ऐकतोय." अहो, २०११ पासून ऐकताय तो मुंबई-गोवा महामार्ग. सागरी महामार्ग त्याच्या कितीतरी आधीपासून रखडलाय, आणि त्याचं रखडणं निराळ्या जातीचं आहे.

मुंबई-गोवा महामार्ग तुम्हाला मी काय सांगायचा? पनवेल, वडखळ, माणगाव, महाड, कशेडी, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, राजापूर, कणकवली, बांदा. पूर्वी नंबर १७ होता, आता ६६. माणगावच्या कोंडीत तासभर बसून तुम्हीही कधीतरी दुसरा वडापाव मागवला असेल.

सागरी महामार्ग म्हणजे रेवस ते रेडी. अलिबाग तालुक्याच्या टोकापासून वेंगुर्ले तालुक्याच्या टोकापर्यंत, सुमारे पाचशे किलोमीटर. अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८०-८२ च्या काळात या कल्पनेने जोर धरला. एक राष्ट्रीय, दुसरा राज्याचा. एक चौपदरी, दुसरा बराचसा एका एसटीला दुसरी एसटी भेटली की दोघींनी अंग चोरावं असा. हे फरक परीक्षेला बसणाऱ्यांनी पाठ करावेत, बाकीच्यांचं त्यावाचून अडत नाही.

आणि हो, 'कोस्टल रोड' हा तिसराच प्राणी. तो मुंबई महापालिकेचा, मरीन ड्राइव्हकडून वरळीकडे जाणारा, जेमतेम साडेदहा किलोमीटरचा. आरे-वारेच्या वळणाचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ आणि खाली 'मुंबई-गोवा कोस्टल हायवे' असं लिहिलेलं दिसलं की मी तो पुढे बघतच नाही. तीन रस्त्यांची नावं एका ओळीत कोंबलीत आणि दाखवलाय गणपतीपुळे ते रत्नागिरीचा तुकडा!

आता ज्यात खरा घोळ होतो तिकडे येऊ. लोकांना वाटतं, हे दोन समांतर रस्ते, एक आतून, एक किनाऱ्याने; एक तुंबला तर दुसऱ्याने जाऊ. नकाशावर तसंच दिसतं. पण कोकणात रस्ता कुठून जातो यापेक्षा तो नदी कुठे ओलांडतो ते बघायचं असतं. सह्याद्रीतून कोकणात उतरलेली प्रत्येक नदी पश्चिमेला धावते, म्हणजे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या कुठल्याही रस्त्याला ती आडवी येणारच. आणि गंमत अशी की दोन्ही रस्ते त्याच नद्या ओलांडतात.

आंबा नदी महामार्ग नागोठण्याला ओलांडतो. तीच खाली धरमतरची खाडी होऊन रेवसला येते. कुंडलिका वर कोलाडला, खाली रेवदंड्याला. सावित्री वर महाडला, खाली बाणकोटला. वाशिष्ठी वर चिपळूणला, खाली दाभोळला. शास्त्री संगमेश्वरला आणि जयगडला. काजळी आंजणारीला आणि भाट्याला, मुचकुंदी वाकेडला आणि पूर्णगडला, राजापूरची अर्जुना जैतापूरला. वर ती नदी असते: पावसात अंगावर येते, पण पात्र अरुंद, एक पूल बांधला की काम झालं. खाली तिची खाडी झालेली असते. दिवसातून दोनदा भरती, खाली चिखल, लोखंड खाणारी खारी हवा, आणि मासेमारीच्या होड्या खालून गेल्या पाहिजेत म्हणून पुलाला उंचीही हवी. वरचा पूल आणि खालचा पूल यांत मोरी आणि जेटीइतकं अंतर आहे म्हणा ना.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या. तेव्हा शोधपथकं नदीच्या तोंडाकडे, खाडीपर्यंत गेली होती. वरचा पूल आणि खालची खाडी एकच नदी आहे, हे त्या आठवड्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तो पूल पुढल्या पावसाळ्याच्या आत नवा बांधून झाला. तीच सावित्री बाणकोटला मात्र अर्धवट पुलाचे खांब वर्षानुवर्षं अंगावर घेऊन बसलीय, आणि वेश्वी-बागमांडला फेरीबोट त्यांच्या समोरून ये-जा करतेय.

म्हणून सागरी महामार्ग 'बांधला की नाही' हा प्रश्नच चुकीचा. रस्ता आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला तर भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, देवगडजवळचं तारामुंबरी असे पूलही आहेत. तुटतो तो उत्तरेला, खाडीच्या काठाशी. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, सगळीकडे आम्ही जंगलजेटी म्हणतो ती फेरीबोट. रस्ते विकास महामंडळाने आता मोठ्या खाड्यांवरचे पूल हाती घेतलेत. ते होतील तेव्हा होतील.

माझा ठाण्याचा मावसभाऊ हे न समजून घेता एकदा 'किनाऱ्याकिनाऱ्याने येतो' म्हणाला. फोनवरच्या नकाशाने त्याला दापोलीहून गुहागर अगदी हाताशी दाखवलं. दाभोळला पोचला तेव्हा शेवटची बोट गेलेली. समोर धोपाव्याचे दिवे दिसतायत, मध्ये काळं पाणी, आणि मागच्या सीटवर दोन पोरं 'आलं का, आलं का' करतायत. बोटीने दहा-पंधरा मिनिटं. रस्त्याने दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराहून जास्त किलोमीटरचा फेरा. मध्यरात्री दारात आला तो माझ्यावरच तापलेला. "दादा, तू सांगायचंस ना, की मध्ये समुद्र आहे!"

तर हा रस्ता लांब जाणाऱ्यांसाठी नाहीच. तो शेजाऱ्यांसाठी आहे. समोरच्या काठावर मुलगी दिली, समोरच्या गावात बाजार, समोर दवाखाना, आणि जायचं तर आधी घाटाच्या दिशेने उलटं चिपळूणपर्यंत: खाडीकाठच्या माणसाचं हे दुखणं. 'सागरी महामार्ग झाला की गोव्याला झटक्यात' हे ऐकलं की म्हणूनच माझं डोकं फिरतं. प्रत्येक वळणाला मच्छी सुकत घातलेली, नारळाच्या वाड्या, मधोमध बसलेली गुरं. इथून ऐंशीने गाडी काढायची? सहापदरी स्वप्नं ज्यांना पडतात त्यांनी ती महामार्गावर पाहावीत. आरे-वारेची वळणं सरळ करायला कुणी आलंच तर मी आडवा पडेन.

या घोळाचं एक कारण मात्र मला मान्य आहे. ६६ नंबरचा हाच महामार्ग गोव्यात शिरला की मांडवी आणि झुआरी रुंद झाल्यावर ओलांडतो, कारवारला समुद्राला भिडतो आणि पुढे कर्नाटकातच मरवंतेला तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी अशा पट्टीवरून धावतो. तिकडचा माणूस त्याला किनाऱ्याचा रस्ता म्हणतो ते बरोबरच. महाराष्ट्रात मात्र पनवेल ते बांदा, गाडीच्या काचेतून समुद्र दिसला असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

मुंबईहून आमच्याकडे यायचं असेल तर सरळ महामार्गाने चिपळूणपर्यंत या आणि मग पश्चिमेला वळा. किनारा बघायची हौस असेल तर जाताना बघा, दिवसाउजेडी, घाई नसताना. शेवटच्या बोटीची वेळ निघण्याआधी फोन करून विचारा. आणि दाभोळला गाडी रिव्हर्समध्ये बोटीवर चढवायची तयारी ठेवा. मावसभाऊ हल्ली ते काम बायकोवर सोपवतो.