तिसऱ्या, चिलटे आणि आठवणीची जुनी पारख

बावीसेक वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका दुपारी, गिरगावातल्या एका खाणावळीत मी तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके आणि तांदळाची भाकरी खाल्ली. त्यानंतर कार्यालयात दोनदा चहा झाला, संध्याकाळी चर्नी रोडहून गर्दीच्या लोकलमध्ये शेजारच्या गृहस्थांच्या उग्र अत्तराचा वास सोसत बोरिवलीपर्यंत उभ्याने प्रवास झाला, आणि रात्री नऊच्या सुमारास पोटात ढवळून उलट्या सुरू झाल्या. माझ्यासोबत जेवलेल्या दोघांना काहीही झाले नव्हते, त्यामुळे खरा दोष कशाचा होता हे आजतागायत ठरलेले नाही. तरीही तेव्हापासून तिसऱ्यांचा नुसता वास आला तरी माझ्या घशाशी येते. चहा मात्र मी दुसऱ्याच दिवशी प्यायलो, लोकल आजही पकडतो, आणि अत्तराबद्दलचे माझे मत पूर्वी होते तितकेच वाईट आहे.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, असे आपण योगायोगाबद्दल म्हणतो. दिवसभरात अशा शेकडो गाठी पडतात, आणि त्यांतली कोणती खरी मानून जपायची व कोणती सोडून द्यायची, हा स्मृतीपुढचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मेंदूने सहा-सात तासांपूर्वीची चव उचलली आणि त्यानंतरचे बाकी सगळे निर्दोष सोडले. ही निवड त्याने विचार करून केली नव्हती. ती करण्याची रीत त्याला आयती मिळालेली होती.

शिकण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे मानत असत, की घंटा असो, दिवा असो वा चव, कोणत्याही गोष्टीची सांगड कोणत्याही परिणामाशी सारख्याच सहजतेने घालता येते. अट एवढीच, की दोहोंमधले अंतर काही सेकंदांचे असावे. जॉन गार्सिया या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या समजुतीला तडा दिला. त्यांनी उंदरांना सॅकरिनने गोड केलेले पाणी दिले, आणि उंदीर पिऊ लागले की दिवा लुकलुके व टकटक आवाज होई, अशीही व्यवस्था केली. नंतर काही उंदरांना आजारी पाडण्यात आले, तर काहींना पायाला विजेचा झटका देण्यात आला. आजारी पडलेल्या उंदरांनी गोड पाणी टाळले, पण दिव्याची आणि आवाजाची पर्वा केली नाही. झटका बसलेल्यांनी दिवा आणि आवाज टाळला, पण गोड पाणी खुशाल प्यायले. चव आणि आजार यांत तासांचे अंतर असले तरी ही सांगड बसते, हेही गार्सियांच्या कामातून दिसले. नामांकित नियतकालिकांनी त्यांचे लेख सुरुवातीला नाकारले, इतके हे निष्कर्ष प्रचलित मताच्या विरुद्ध होते.

उत्क्रांतीच्या अंगाने पाहिले तर यात नवल नाही. विष पोटातून येते आणि त्याची खूण जिभेवर असते. त्वचेला होणारी इजा बाहेरून येते आणि तिची चाहूल डोळ्यांना व कानांना लागते. ज्या पूर्वजांच्या मेंदूने हा फरक आधीच गृहीत धरला, ते एका चुकीत शिकले. ज्यांना दहा वेळा विषबाधा होऊन शिकावे लागले असते, त्यांचे वंशज उरण्याची शक्यता फारशी नव्हती. नेहमीच्या चवीपेक्षा नव्या चवीवर संशय लवकर जातो, हेही पुढे सिद्ध झाले. तोवर मी तिसऱ्या जेमतेम दोनदा खाल्ल्या होत्या, तर चहा जन्माचा सोबती. तो सुटला यात आश्चर्य ते काय.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘आदिमानवाला याचा उपयोग होता’ असे म्हणून कोणत्याही सवयीची सुरस कथा रचता येते, आणि स्मृतीचे जीवाश्म सापडत नसल्यामुळे ती खोडणेही कठीण असते. म्हणून मला वेगवेगळ्या प्राण्यांची तुलना करणारा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो. १९७१ मध्ये उंदीर आणि लावा पक्षी यांना निळ्या रंगाचे आंबट पाणी पाजून नंतर आजारी पाडण्यात आले. रात्री हुंगत-चाखत अन्न शोधणाऱ्या उंदरांनी पुढे आंबट पाणी टाळले. दिवसाउजेडी नजरेने दाणे टिपणाऱ्या लाव्यांनी मुख्यतः निळे पाणी टाळले. अनुभव तोच, आजार तोच, पण प्रत्येकाच्या स्मृतीने आपापल्या जगण्याला साजेशी खूण उचलली.

या यंत्रणेचे सुटे भाग किती जुने आहेत, याचा काही शोध पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांमधून लागला आहे, आणि त्या वाटेवर मुंबईचेही एक ठिकाण आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला, आणि पुढे तेथेच त्यांनी व वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी चिलटांना वास कसा कळतो याचा जनुकांच्या आधारे माग घेतला. अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेने वास आणि विजेचा झटका यांची सांगड चिलटे शिकू शकतात हे दाखवले, आणि १९७६ मध्ये ही सांगड लक्षात न राहणाऱ्या चिलटांचा एक वाण जाहीर केला. त्याला नाव दिले ‘डन्स’, म्हणजे ढ विद्यार्थी. या चिलटांत बिघडलेले जनुक सायक्लिक एएमपी नावाच्या रेणूचे पेशीतील प्रमाण सांभाळणारे निघाले. समुद्री गोगलगायीवर काम करून २००० साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या एरिक कँडेल यांनाही चेतापेशींमधील जोड घट्ट होताना हाच रेणू सापडला होता, आणि सस्तन प्राण्यांतही तो स्मृतीच्या कामी येतो. चिलट, गोगलगाय आणि आपण यांचा समाईक पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. मेंदूंच्या रचना नंतर पार वेगळ्या झाल्या, पण आत वापरलेली अवजारे पिढीजात राहिली.

ही अवजारे फुकट चालत नाहीत. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला आपला मेंदू विश्रांतीच्या स्थितीत सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दीर्घकालीन आठवण तयार करायला लावलेली चिलटे नंतर अन्नपाण्यावाचून ठेवली असता इतरांपेक्षा लवकर मेली. उपाशी चिलटांचा मेंदू अशी खर्चीक आठवण तयार करण्याचे कामच थांबवतो, असेही पुढे आढळले.

म्हणून विसरणे हा निव्वळ दोष मानता येत नाही. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा आलेख काढला: सुरुवातीला झपाट्याने घसरणारा, मग हळूहळू सपाट होत जाणारा. १९९१ मध्ये जॉन अँडरसन आणि लेल स्कूलर यांनी न्यूयॉर्कच्या एका दैनिकाचे मथळे तपासले, तेव्हा असे दिसले, की एखादा शब्द जितके दिवस मथळ्यात आलेला नाही, तितकी तो पुढच्या दिवशी येण्याची शक्यता घटत जाते, आणि या घटीचा आकार विस्मरणाच्या आलेखासारखाच आहे. एखादी माहिती पुन्हा लागण्याचा संभव जसा ओसरतो, तशी स्मृतीही तिच्यावरची पकड सैल करते. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी माळ्यावरचे सामान याच हिशेबाने काढतात, फक्त भांडणे करून.

जागेची आठवण मात्र वेगळ्याच तोलामोलाची आहे. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात विशिष्ट जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्यासह त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूचा हा भाग पक्ष्यांमध्ये आहे, आणि त्याच्याशी नाते सांगणारा भाग माशांमध्येही वाट लक्षात ठेवायला मदत करतो. कावळ्याच्या कुळातला ‘स्क्रब जे’ हा पक्षी अन्न लपवतो. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये दाखवले, की लवकर सडणारी अळी व टिकणारा शेंगदाणा यांपैकी काय, कोठे आणि किती वेळापूर्वी ठेवले, हे तिन्ही त्याला आठवते. चार तासांनी तो अळ्यांकडे जातो. पाच दिवसांनी, अळ्या सडल्या असतील म्हणून, शेंगदाण्यांकडे.

माणसात हाच हिप्पोकॅम्पस घडलेले प्रसंग सांभाळतो. १९५३ मध्ये अपस्माराच्या उपचारासाठी हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतून तो दोन्ही बाजूंनी बराचसा काढण्यात आला, आणि त्यानंतरचे प्रसंग त्यांच्या स्मरणात राहीनासे झाले. २००७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना समुद्रकिनाऱ्यासारखे एखादे दृश्य कल्पून सांगण्यास सांगितले. बहुतेकांना सुटे तुकडे सांगता आले, पण सलग दृश्य उभे करता आले नाही. पुढचे कल्पण्यासाठी मागचे सुटे करून पुन्हा जोडता आले पाहिजे, आणि जे सुटे होते ते चुकीचेही जोडले जाते. १९८६ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कशी कळली हे लिहून घेतले. अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांनी भलतीच हकिकत पूर्ण खात्रीने सांगितली.

मुंबईकरांसाठी तसा दिवस २६ जुलै २००५ हा आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि प्रत्येकाच्या कहाणीत पाणी दर वर्षी चार बोटे चढते. दादरहून चालत निघालेल्या मला वांद्र्याच्या एका चाळीतल्या बाईंनी आल्याचा चहा दिल्याचे लख्ख आठवते. त्याच आठवड्यात धाकट्या भावाला लिहिलेले पत्र अलीकडे सापडले, तर त्यात चहा नाही, बाई नाहीत. खारला काही तरुणांनी बिस्किटांचा पुडा हातात ठेवला, एवढेच आहे. आठवण आणि पत्र दोन्हींत जुळते ते एकच, की उघड्या मॅनहोलच्या भीतीने आम्ही कडेची बाजू सोडून दुभाजकाला धरून चाललो. अजूनही पाऊस जोरात लागला आणि रस्त्यावर पाणी चढू लागले, की माझे पाय कडेपासून आपोआप दूर सरतात, आणि पत्रात कोठेही नसलेल्या त्या बाईंचा चेहरा डोळ्यांपुढे येतो.