हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स? (युगांडातला व्हिडिओ अ‍ॅक्शन पिच्चर)

हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स? हा 2010 सालचा युगांडातला अ‍ॅक्शन पिच्चर आहे. लांबी जेमतेम तासाभराची, आणि लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग सगळं एकाच माणसाचं. त्याचं नाव नाब्वाना आय.जी.जी., म्हणजे आयझॅक गॉडफ्रे जेफ्री नाब्वाना. राजधानी कंपालामधल्या वाकालिगा नावाच्या झोपडवस्तीत, त्याच्या घराच्या अंगणात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत हा पिच्चर शूट झाला. थेटरसाठी तो बनवलाच नव्हता, डीव्हीडी घरोघरी फिरून विकायच्या एवढाच हिशोब होता. खर्च आधी 200 डॉलरच्या आत असं सगळीकडे छापून आलं, नंतर नाब्वानानेच सांगितलं की खरा आकडा 85 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने चार हजार रुपयेसुद्धा नाहीत. वाकालिगा या नावावरून या सगळ्या उद्योगाला वाकालीवूड म्हणतात. कंपनीचं खरं नाव रेमन फिल्म प्रॉडक्शन्स, 2005 पासूनची, आणि ते रेमन म्हणजे त्याच्या दोन आज्या, रेचेल आणि मोनिका, यांच्या नावांतून जुळवलेलं.

स्टोरी सोपी आहे. कॅप्टन अ‍ॅलेक्स हा युगांडाच्या सैन्यातला सगळ्यात भारी कमांडो, त्याला टायगर माफिया नावाच्या टोळीचा निकाल लावायला पाठवलेलं असतं. टोळीचा म्होरक्या रिचर्ड, त्याच्या भावाला कमांडो पकडतात, मग रिचर्डला अ‍ॅलेक्स जिवंत हवा असतो, पण माफियाच्या हाताला लागायच्या आधीच कोणीतरी त्याला मारून टाकतं. मग अ‍ॅलेक्सचा भाऊ येतो, ब्रूस यू, कुंगफू मास्टर, भावाचा खुनी शोधायला. मारामाऱ्या होतात, हेलिकॉप्टरमधून कंपालावर बॉम्ब पडतात, अर्धं शहर पेटतं. आणि नावात जो प्रश्न आहे त्याचं उत्तर शेवटपर्यंत मिळतच नाही.

नाब्वानाचा जन्म 1973 चा, हुकूमशहा इदी अमीनच्या राजवटीतला. त्याच्या आदल्याच वर्षी अमीनने भारतीय वंशाच्या लोकांना देशाबाहेर काढलं होतं आणि त्याचा सिनेमाशी थेट संबंध आहे, कारण तिथली बरीच थेटरं याच लोकांच्या हातात होती. कंपालाचं नॉर्मन सिनेमा हे मोठं थेटर गोव्याहून तिकडे गेलेल्या नॉर्मन गोदिन्हो यांनी बांधलेलं, आता तिथे चर्च भरतं. थेटरं अशी गेल्यावर मग व्हीसीआर आला आणि वस्तीवस्तीत बिबांडा उभे राहिले, म्हणजे लाकडी फळ्या, पत्रे, आत बाकडी, समोर टीव्ही आणि थोडेसे पैसे देऊन दिवसभर पिच्चर. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात व्हिडिओ पार्लर असायचे, त्याचाच भाऊ म्हणा.

लहानपणी नाब्वानाला तिथे जाता यायचं नाही. मोठा भाऊ जाऊन यायचा आणि घरी येऊन सगळा पिच्चर तोंडाने सांगायचा, कोण कसा उडाला, बंदूक कशी वाजली, हिरो कुठून आला. आपल्याकडेही एक जण पिच्चर बघून यायचा आणि बाकीच्यांना कट्ट्यावर ढिशुमढिशुमसकट स्टोरी सांगायचा, ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना लगेच कळेल की असा ऐकलेला पिच्चर डोक्यात खऱ्यापेक्षा मोठा होतो. कॅप्टन अ‍ॅलेक्स बघताना मला सतत हेच जाणवतं, की या माणसाने आधी पिच्चर ऐकले आणि मग बनवले, म्हणून त्यात दोन मारामाऱ्यांच्या मधला कंटाळवाणा भाग जवळपास नाहीच, कारण सांगणारा भाऊ तो भाग गाळूनच टाकत असणार.

पुढे त्याने विटा पाडून आणि विकून पैसे जमवले, कॉम्प्युटरचा छोटासा कोर्स केला, बाकीचं एडिटिंग आणि इफेक्ट स्वतःच शिकला. कॉम्प्युटरपण जुने पार्ट गोळा करून स्वतः जोडलेले. लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे काम मधेच अडकायचं. बंदुका आणि बाकीचं सामान दाउदा बिसासो नावाचा मेकॅनिक बनवायचा, भंगारातले पाईप, गाड्यांचे पार्ट, लाकूड, जे हाताला येईल त्यातून, आणि लांबून बघितलं तर मशिनगन अगदी मशिनगनच वाटते. रक्तासाठी आधी गाईचं रक्त वापरायचे, त्याने माणूस आजारी पडला म्हणून खायचा लाल रंग आला. तो रंग फुकट मिळणाऱ्या कंडोममध्ये भरायचा, कपड्याच्या आत चिकटवायचा आणि मासे पकडायच्या दोरीने ओढून फोडायचा, की गोळी लागली. बंदुकीच्या नळीतली आग, स्फोट, पडणाऱ्या इमारती, हेलिकॉप्टर हे सगळं कॉम्प्युटरवर चढवलेलं. ते खोटं दिसतं हे खरंय, पण कुठला धक्का कुठे बसला पाहिजे हे त्या एडिटिंगला बरोबर कळतं, आणि लाखो डॉलर घालून बनवलेल्या कितीतरी अ‍ॅक्शन पिच्चरमध्ये हेच नसतं.

नट सगळे वस्तीतले किंवा लांबून स्वतःच्या खर्चाने आलेले, कुंगफू पिच्चर बघून बघून आणि सराव करून शिकलेले. शूटिंगचे पैसे कोणाला मिळायचे नाहीत. डीव्हीडी घरीच कॉपी करायच्या, मग नटांनीच त्या घेऊन, कधी पिच्चरमधल्याच कपड्यांत, दारोदार जायचं, आणि विकलेल्या डीव्हीडीचे अर्धे पैसे विकणाऱ्याचे. किंमत साधारण एक डॉलरच्या आसपास. हे सगळं आठवडाभरातच उरकावं लागायचं, कारण नंतर पायरेटेड कॉपी बाजारात यायची आणि आपली कोणी घ्यायचं नाही.

आता खरा महत्त्वाचा भाग, व्हिडिओ जोकर, म्हणजे व्हीजे. बिबांडात बाहेरचे पिच्चर लागायचे, भाषा कोणाला कळायची नाही, म्हणून एक माणूस माईक घेऊन बसायचा आणि पिच्चर चालू असतानाच लुगांडा भाषेत सगळं सांगायचा. नुसतं भाषांतर नाही, तो पात्रांना स्थानिक नावं देणार, व्हिलनला शिव्या घालणार, हिरोला ओरडून सांगणार की मागे बघ. तमाशातला सोंगाड्या कसा राजाचा सीन चालू असताना मधेच तोंड घालतो आणि सगळी गंमत त्या तोंड घालण्यातच असते, तसंच काहीसं, फक्त इथे तो पडद्याच्या बाहेर बसलेला असतो. युगांडात व्हीजे हे स्वतः स्टार असतात, अमुक व्हीजेचा आवाज आहे म्हणून लोक तोच पिच्चर परत बघतात.

कॅप्टन अ‍ॅलेक्सला व्हीजे एमीचा आवाज आहे, इंग्रजीत. आणि इथे एक वाईट गोष्ट घडलेली आहे, ती म्हणजे मूळ पिच्चर आता शिल्लकच नाही. पुढचा पिच्चर करायला कॉम्प्युटरवर जागा नव्हती म्हणून नाब्वानाने मूळ फायली पुसून टाकल्या, त्याला काय माहीत की युगांडाच्या बाहेर कोणी हे बघेल. उरली ती फक्त व्हीजे एमीच्या आवाजातली कॉपी, त्यामुळे जगाने जो कॅप्टन अ‍ॅलेक्स बघितला त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक प्रेक्षक बसलेला आहेच. तो कमांडो दिसले की ओरडतो, मारामारी आली की ‘सुपा अ‍ॅक्शन’ची घोषणा देतो, मधेच युगांडाचं नाव घेऊन छाती फुगवतो, शांत सीन असला की आता काहीतरी होणार म्हणून लोकांना बांधून ठेवतो.

माझ्या मते या पिच्चरवरच्या प्रतिक्रियांचं गणित इथेच सुटतं. 2010 च्या जानेवारीत ट्रेलर यूट्यूबवर आला तेव्हा तो जगभर पसरला तो हसण्यासाठीच, बघा किती स्वस्तातलं आहे, बघा स्फोट कसला खोटा आहे. पण पूर्ण पिच्चर 2015 च्या मार्चमध्ये यूट्यूबवर फुकट टाकला गेला आणि तो बघणाऱ्यांचं हसणं बदललेलं दिसतं. हसायला येतंच, पण व्हीजे आपल्या आधी हसलेला असतो, तोही प्रेमाने आणि आपल्या माणसांच्या कौतुकाने, मग बघणाऱ्याला वरून खाली बघून हसायला जागाच राहत नाही, त्याच्या शेजारी बाकड्यावर बसूनच हसावं लागतं. स्वस्तातले वाईट पिच्चर बघून खिदळायचा शौक जगभर आहे, त्या यादीत याला घालणारे लोक आहेत आणि ते मला पटत नाही. वाईट पिच्चर तो, जो करणाऱ्याला जमला नाही. इथे करणाऱ्याला लोकांना तासभर मजा द्यायची होती आणि ती त्याने पुरेपूर दिलेली आहे.

अर्थात सगळ्यांनाच तो आवडतो असं नाही. काहींना व्हीजेची बडबड डोकं उठवणारी वाटते, त्यांना नुसता पिच्चर बघायचा असतो, आणि तो तर आता मिळणारच नाही. काहींना स्टोरीचा शेवट फसवणूक वाटतो. गरिबी विकली जातेय का हा प्रश्नपण विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा, फक्त पिच्चरमध्ये कुठेही कोणी स्वतःची कीव करत नाही हे बघून मग ठरवावं. हे लोक झोपडपट्टीवर पिच्चर काढत नव्हते, झोपडपट्टीत राहून कमांडोंचा पिच्चर काढत होते.

ट्रेलर बघून 2011 मध्ये अ‍ॅलन हॉफमानिस नावाचा न्यूयॉर्कचा माणूस, फिल्म फेस्टिव्हलसाठी काम करणारा, थेट कंपालाला जाऊन धडकला, नाब्वानाला भेटला आणि पुढे तिथेच राहायला गेला. तो नंतरच्या पिच्चरमध्ये गोरा माणूस म्हणून मारपण खातो आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं कामपण त्याने केलं. 2015 मध्ये पुढच्या एका पिच्चरसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाईटवर फक्त 160 डॉलर मागितले होते, लोकांनी 13,000 च्या वर दिले. नाब्वानाचा 2016 चा बॅड ब्लॅक हा पिच्चर अमेरिकेतल्या फँटॅस्टिक फेस्ट या फिल्म फेस्टिव्हलमध्ये दाखवला गेला आणि प्रेक्षकांच्या मतांवरचं बक्षीस घेऊन आला. त्याचाच क्रेझी वर्ल्ड 2019 ला टोरांटो फिल्म फेस्टिव्हलच्या मिडनाईट मॅडनेस विभागात लागला. 2022 ला जर्मनीत कासेलला डॉक्युमेंटा नावाचं कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथेही वाकालिगाची मंडळी नवा पिच्चर घेऊन होती.

मराठी वाचकाला यात मालेगाव आठवणारच, आणि आठवायलाच हवं. नाशिक जिल्ह्यातल्या त्या यंत्रमागांच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली मालेगाव के शोले केला, तोही गावातल्याच लोकांना घेऊन आणि हँडीकॅमवर. पुढे त्यांचा मालेगाव का सुपरमॅन कसा बनला यावर फैजा अहमद खान यांनी डॉक्युमेंटरी काढली, त्यात सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन बघायला मिळते. दोन्ही ठिकाणांना एकमेकांची काही खबर नव्हती. फरक एवढा की मालेगावने गाजलेले पिच्चर घेऊन त्यांची आपल्या बोलीत नक्कल केली, गंमत केली, तर नाब्वानाने नक्कल न करता त्याच जातीचा पण स्वतःचा पिच्चर लिहिला, स्वतःचे कमांडो आणि स्वतःचा माफिया उभा केला. मालेगावचे प्रेक्षक पडद्यावर शेजारचा माणूस ओळखून शिट्ट्या मारायचे. वाकालिगात तोच शेजारी पिच्चरची डीव्हीडी घेऊन दारात उभा असायचा.

अ‍ॅलेक्सला कोणी मारलं यावर बघणारे अजून वाद घालतात, कोणी ब्रूस यूवरच संशय घेतं, कोणी सैन्यातल्याच माणसावर.