टीएमडीएल आणि बांधकामाचा गाळ

टीएमडीएल म्हणजे टोटल मॅक्झिमम डेली लोड. सोप्या भाषेत सांगायचं तर एखाद्या ओढ्यात, नदीत किंवा तलावात दिवसाला जास्तीत जास्त किती घाण गेली तरी ते पाणी ठरवून दिलेल्या दर्जाचं राहील, तो आकडा. प्रकार अमेरिकेतला, 1972 च्या क्लीन वॉटर ॲक्टच्या कलम 303(डी) मधून आलेला. ही नोंद त्यातल्या सगळ्यात किचकट कोपऱ्याबद्दल आहे, म्हणजे बांधकामाच्या साइटवरून पावसात वाहून येणारी माती. कारखान्याच्या पाइपाला आकडा लावणं सोपं असतं, पाइप एका जागी असतो आणि रोज साधारण तेवढंच पाणी सोडतो. साइटचं तसं नाही, आज उघडा बोडका मुरूम आणि वर्षभराने तिथे लॉन उगवलेलं, घरात माणसं राहायला आलेली, शिवाय पाऊस पडला तरच पाणी येणार नाहीतर महिनाभर थेंब नाही. मग मर्यादा नेमकी कशाला लावायची, मातीला, पाण्याला की खोदलेल्या जमिनीला? इथली बहुतेक भांडणं ह्याच एका प्रश्नाची आहेत.

ओढा बिघडला हे कसं ठरतं

प्रत्येक राज्याने आपल्या नद्या-ओढे कशासाठी वापरायचे ते ठरवायचं (पोहायला, पिण्याला, मासे जगायला) आणि त्या वापराला जे पाणी पुरं पडत नाही त्याची यादी दर सम वर्षी केंद्राच्या पर्यावरण संस्थेला म्हणजे ईपीएला द्यायची. ह्या यादीतल्या पाण्याला इम्पेअर्ड म्हणतात, आपण बिघडलेलं म्हणू. यादीत नाव आलं की टीएमडीएल काढणं भाग पडतं. कायद्यात हे 1972 पासून होतं पण राज्यांनी बरीच वर्षं काहीच केलं नाही, 1984 च्या एका खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं की राज्य इतका काळ गप्प बसलं तर 'आमच्याकडे टीएमडीएल नाही' असंच त्याने कळवलं असं धरता येईल आणि मग ईपीएला हात घालावा लागेल. त्यानंतर पर्यावरणवाल्या संघटनांनी राज्याराज्यांत केसेस टाकल्या आणि गाडी हलली.

आपल्याकडे ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी. 2022 च्या यादीत देशभरात 311 पट्टे होते आणि त्यातले 55 एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्यात जास्त. पण ती यादी बीओडीवर चालते, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या मापावर, लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर गेलं की प्रदूषित. म्हणजे सांडपाणी पकडलं जातं, गाळाचा त्यात हिशोबच नाही.

अमेरिकेत गाळाने बिघडलेला ओढा बहुतेक वेळा किड्यांवरून कळतो. पाण्यात जाळी धरून तळातले दगड ढवळतात आणि मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय ह्यांच्या अळ्या किती मिळतात ते मोजतात. ह्या अळ्या गोट्यांच्या मधल्या फटीत राहतात, बारीक माती येऊन फटी बुजल्या की त्यांना जागा नाही, ट्राउट माशाची अंडीही त्याच खडीत असतात ती गुदमरतात. माती ती माती, ती कसली घाण, असं कोणालाही वाटेल. पण कायद्यातली प्रदूषकांची व्याख्या वाचली तर त्यात दगड, वाळू आणि तळघर खणताना निघालेली माती चक्क नावानिशी आहे.

साइटवरून किती माती येते

विश्वास बसणार नाही इतकी. 1960 च्या दशकात मेरीलँडमध्ये एम. गॉर्डन वोलमन आणि सहकाऱ्यांनी मोजमाप केलं, बाल्टिमोर-वॉशिंग्टनच्या आसपास तेव्हा उपनगरं धडाधड उभी राहत होती. बांधकाम चालू असलेल्या भागातून वर्षाला दर चौरस मैलामागे काही हजार टनांपासून 1,40,000 टनांपर्यंत गाळ येत होता. एकरावर आणलं (एकर आपलाच, 40 गुंठ्यांचा) तर वरचा आकडा साधारण 200 मेट्रिक टन होतो, म्हणजे एका एकरातून वर्षाला दहा टनी वीस ट्रक. ईपीए आजही जो ढोबळ हिशोब देते तो असा की साइटवरून शेतजमिनीच्या 10 ते 20 पट आणि जंगलाच्या 1,000 ते 2,000 पट माती सुटते.

ह्यात एक गोम आहे जी पुढे कोर्टात गेली. बांधकाम संपलं, गवत लागलं की साइटची माती थांबते, पण आता तिथे छपरं आणि डांबर आहे, पाणी मुरत नाही, सगळं एकदम ओढ्यात जातं आणि ते जोराचं पाणी ओढ्याचेच काठ खरवडतं. शहरी ओढ्यातला बराच गाळ असा ओढ्याच्या स्वतःच्या काठांचा असतो. मग दोष आज खोदणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा की चाळीस वर्षांपूर्वी मॉल बांधणाऱ्याचा?

आकडा कसा काढतात

सूत्र शाळेतल्या बेरजेसारखं आहे. टीएमडीएल = परवाना लागणाऱ्या स्रोतांचा वाटा + बाकी सगळ्यांचा आणि निसर्गाचा वाटा + चुकीसाठी राखून ठेवलेला भाग. शेत आणि जंगल दुसऱ्या डब्यात जातात. बांधकामाचं पाणी पहिल्या डब्यात, कारण 1987 च्या दुरुस्तीनंतर पावसाच्या पाण्यालाही परवाना लागू झाला. 1990 च्या नियमात 5 एकर आणि त्यावरच्या साइट आल्या, 1999 च्या नियमाने ती हद्द 1 एकरावर आणली.

ओढ्याला किती गाळ पचतो हे ठरवायला बहुतेक जण शेजारचा एखादा ठीकठाक ओढा घेतात, तशीच माती तसाच उतार, आणि त्यात एकराला जेवढा गाळ येतो तेवढा ह्यालाही चालेल असं धरतात. मग बांधकामाचा वाटा. आता पाच वर्षांनी कुठे कोणती साइट असेल हे कोणाला माहीत? मिनेसोटासारख्या राज्यात सोपा मार्ग काढलाय, पाणलोटातली सरासरी किती टक्के जमीन दरवर्षी बांधकामाखाली असते ते परवान्यांवरून बघायचं आणि भाराचा तेवढाच टक्का त्यांना द्यायचा. समजा एक टक्का जमीन खोदलेली आहे तर गाळही एक टक्का. कागदावर न्याय्य दिसतं, पण उघडी जमीन तिच्या टक्क्याच्या कितीतरी पट माती सोडते हे वर आलंच आहे, म्हणजे खरं तर हा आकडा फार कडक झाला. आणि मग त्याच कागदात पुढे लिहिलेलं असतं की साइटवाल्याने सर्वसाधारण परवाना (सगळ्या साइटना एकच ठरलेल्या अटी असलेला) घेतला आणि त्यातले उपाय नीट केले तर त्याने आपला वाटा पाळला असं समजलं जाईल. थोडक्यात आकडा कडक, तपासणी आकड्याची नाही तर उपायांची. ही पळवाट आहे असं म्हणणारे आहेत. मला ती नाइलाजाची वाटते, कारण प्रत्येक साइटच्या तोंडाशी टन मोजणारं यंत्र बसवणं कोणालाच परवडणार नाही.

अकोटिंक क्रीक

ह्या सगळ्या गोंधळाचं सगळ्यात चांगलं उदाहरण उत्तर व्हर्जिनियात आहे. अकोटिंक क्रीक हा फेअरफॅक्स काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) अ‍ॅननडेल, स्प्रिंगफील्ड करत पोटोमॅक नदीला मिळणारा ओढा (तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी बहुतेक त्याच्या काठाने चालून पाहिलं असेल). सगळा पाणलोट घरं, रस्ते, पार्किंग. वाटेत लेक अकोटिंक म्हणून तलाव आहे, तो गाळाने भरत राहतो, 1985 ला उपसला, 2008 ला उपसला, परत भरला.

किडे कमी म्हणून ओढा बिघडलेल्यांच्या यादीत. कारण गाळ. पण 2011 मध्ये ईपीएने जो टीएमडीएल काढला त्यात गाळाला मर्यादाच नव्हती, पाण्याला होती! वर्षातून साधारण एकदा येतो तेवढ्या मोठ्या पावसात एकरी दिवसाला 681.8 घनफूट, म्हणजे जेमतेम 19,300 लिटर, दोन मोठे टँकर धरा. त्यासाठी प्रवाह 48.4 टक्के कमी करायचा. विचार चुकीचा नव्हता, काठ खरवडतंय ते पाणीच, आणि व्हर्माँटमध्ये पॉटॅश ब्रूकसारख्या ओढ्यांना असाच प्रवाहाचा टीएमडीएल आधी लावलेला होता. पण तिथे तो राज्याने स्वतःहून केला होता. इथे राज्याचा रस्ते विभाग आणि फेअरफॅक्स काउंटी कोर्टात गेले. राज्याचे ॲटर्नी जनरल केन कुचिनेली कट्टर रिपब्लिकन, काउंटीच्या बोर्डावर डेमोक्रॅट्सचं बहुमत, एरवी ही मंडळी एका टेबलावर बसली नसती, पण प्रवाह निम्मा करायचा तर खर्च किती कोटी डॉलर येईल ह्या विचाराने बसली.

3 जानेवारी 2013 ला न्यायाधीश लियाम ओ'ग्रेडी यांनी निकाल दिला तो अगदी छोटा आहे. कायदा म्हणतो प्रदूषकाला टीएमडीएल लावा, गाळ प्रदूषक आहे, पावसाचं पाणी प्रदूषक नाही, आणि ज्यावर अधिकार नाही ते ज्यावर आहे त्याच्या बदली म्हणून वापरता येणार नाही. ईपीए अपिलात गेली नाही. पुढे राज्यानेच परत अभ्यास केला आणि अकोटिंकला गाळ आणि क्लोराइड असे दोन टीएमडीएल मिळाले. क्लोराइड कुठून आलं? हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात त्यातून. म्हणजे किडे मरायला एकटी मातीच जबाबदार नव्हती, आणि प्रवाहाच्या आकड्यावर अडून बसले असते तर हे कदाचित मागेच राहिलं असतं.

रोज म्हणजे रोज

जवळच वॉशिंग्टन शहरातली ॲनाकोस्टिया नदी. तिच्या गढूळपणाची मर्यादा हंगामी आणि ऑक्सिजन खाणाऱ्या घाणीची वार्षिक ठेवली होती, कारण पाऊस काही रोज सारखा पडत नाही. 2006 मध्ये अपील कोर्टाने ते उडवलं, कायद्यात रोजची लिहिलंय तर रोजचीच पाहिजे. तेव्हापासून टीएमडीएलच्या कागदात वार्षिक आकड्याशेजारी एक रोजचा आकडाही दिसतो, त्याचा साइटवर कोणाला उपयोग असेल असं मला तरी वाटत नाही. सगळ्यात मोठा टीएमडीएल चेसापीक उपसागराचा, 29 डिसेंबर 2010 चा, सहा राज्यं आणि वॉशिंग्टन मिळून, त्यात गाळाची मर्यादा वर्षाला 645 कोटी पौंड आहे, आणि अकोटिंकचा गाळही शेवटी त्याच खात्यात पडतो.

साइटवर काय बदलतं

कॉन्ट्रॅक्टरला टीएमडीएलचा आकडा माहीतही नसतो, त्याला परवान्यातल्या अटी माहीत असतात. जिथे परवाना ईपीए स्वतः देते तिथला 2022 चा बांधकाम परवाना घ्या. गाळाने बिघडलेल्या ओढ्यात पाणी जात असेल तर काम थांबलेली उघडी जमीन 7 दिवसांत झाकायची, बी पेरून, पेंढा पसरून किंवा चटया टाकून. तपासणी दर 7 दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पाऊस पडला की 24 तासांत. बाकी नेहमीचंच, उताराच्या कडेला काळ्या कापडाची सिल्ट फेन्स, गेटवर खडीचा पट्टा म्हणजे ट्रकच्या चाकांची माती रस्त्यावर येऊ नये, रस्त्याकडेच्या चेंबरच्या तोंडाला गाळणी, खालच्या बाजूला गाळ बसायला तळं. ती काळी फेन्स नीट पुरलेली नसेल तर पाणी खालून निघून जातं आणि फेन्स नुसती शोभेला उभी असते, तपासणीत वारंवार सापडणारी चूक हीच.

आकडा थेट साइटला लावायचा प्रयत्नही झाला. गढूळपणा एनटीयूमध्ये मोजतात, पाण्यातून प्रकाश सोडून किती विखुरतो ते बघून. अंदाज यावा म्हणून, आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात 1 एनटीयू चालतं, दुसरा पर्याय नसेल तर 5 पर्यंत. ईपीएने 2008 मध्ये मोठ्या साइटसाठी 13 एनटीयू सुचवलं, बिल्डर लोकांनी आकाशपाताळ एक केलं, 2009 च्या अंतिम नियमात ते 280 झालं, मग बिल्डरांच्या संघटना कोर्टात गेल्या, हिशोबात चूक निघाली, 2011 च्या सुरुवातीला नियम थांबवला आणि 2014 मध्ये आकडा काढूनच टाकला. कॅलिफोर्नियाने जास्त जोखमीच्या साइटना 500 ची मर्यादा घातली होती तीही कोर्टात पडली. वॉशिंग्टन राज्य मात्र टिकून आहे, तिथे गढूळपणासाठी यादीत असलेल्या ओढ्यात सोडायचं तर 25 एनटीयू. केंद्राच्या 2022 च्या परवान्यात 50 चा आकडा आहे पण तो फक्त खड्ड्यात साचलेलं पाणी पंपाने उपसताना, तेही नाजूक पाण्यात, म्हणजे गाळाने बिघडलेल्या किंवा खास जपलेल्या ओढ्यात, सोडत असाल तर. रोज नमुना घ्यायचा आणि आठवड्याची सरासरी बघायची. 50 च्या वर गेलं म्हणजे गुन्हा नाही, वर जाऊनही काही सुधारणा केली नाही तर गुन्हा.

मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सॅन फ्रान्सिस्को शहराच्या केसमध्ये 5 विरुद्ध 4 ने सांगितलं की 'पाण्याचा दर्जा बिघडता कामा नये' अशी नुसती शेवटच्या परिणामाची अट परवान्यात घालता येणार नाही, काय करायचं ते ईपीएने स्पष्ट लिहायला हवं. ती केस मैलापाण्याची होती, पण बांधकामाच्या परवान्यातही तशाच धाटणीचं वाक्य होतं आणि बिघडलेल्या ओढ्यांच्या बाबतीत बरीच भिस्त त्यावर असायची. आता ते वाक्य गेलं की पेंढा किती, तळं केवढं, किती दिवसांत झाकायचं हे सगळं परवाना लिहिणाऱ्यालाच आधी ठरवावं लागणार.