सुईण, दाई आणि जापेवाली

इंदूरच्या मराठी घरात आज बाळंतपण दवाखान्यात होते आणि तेल लावायला, शेक द्यायला 'जापेवाली' येते. जापा म्हणजे बाळंतपण, हा इकडचा शब्द. सुईण आता आजीच्या बोलण्यात. सरकारी कागदावर मात्र या सगळ्या 'दाई', आणि घोळ इथूनच सुरू होतो.

मराठीत दाई म्हणजे मूल सांभाळणारी, अंगावर पाजणारीसुद्धा. बाळंतपण करते ती सुईण. उत्तर भारतातल्या मानवशास्त्रीय अभ्यासांत कामे आणखी वाटलेली दिसतात. मूल झेलणारी एक, नाळ कापणारी अनेकदा दुसरी, अंग रगडणारी कधी तिसरीच. नाळ कापणे विटाळाचे मानले जाई, म्हणून ते दलित बाईच्या वाट्याला. १९७० च्या दशकाअखेरीस देशभर दाई-प्रशिक्षण सुरू झाले तेव्हा हा फरक कुणी विचारात घेतला नाही. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे पाते, स्वच्छ दोरा शिकवले, आणि शिकणारी सरसकट 'दाई' झाली.

२००४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त निवेदनाने 'कुशल प्रसूती-सहायक' या व्याख्येतून प्रशिक्षित दाईलाही वगळले. कारण खोटे नव्हते: मोठा रक्तस्राव झाला तर औषध, रक्त, कधी शस्त्रक्रियाही लागते, पाते-दोरा पुरत नाही. पण रात्रभर कळा देणाऱ्या बाईची पाठ चोळत, तिला उकिडवे बसवून धीर देणारे माणूसही त्याच फटक्यात बाहेर गेले. ते काम कोण करणार, हे ठरवलेच नाही.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. मध्य प्रदेशात दवाखान्यात प्रसूत होणाऱ्या ग्रामीण बाईला १,४०० रुपये, शहरी बाईला १,०००. राज्यातल्या दवाखान्यातल्या प्रसूती २००५-०६ मध्ये सुमारे २६ टक्के होत्या, २०१५-१६ मध्ये ८१, २०१९-२१ मध्ये ९१. एवढ्या झपाट्यात बाईने 'निवड' केली म्हणायचे की घरी दुसरी वाटच उरली नाही? त्यात पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे दवाखाना बहुधा आईच ठरवणार. खाजगीत तर देशभरात जवळपास निम्म्या प्रसूती सिझेरियनच्या.

२०१७ अखेरच्या प्रसूतिकक्ष सुधारणा कार्यक्रमात सोबतीला बाई असावी असे लिहिले गेले. २०१८ मध्ये सरकारने मिडवाइफचे नवे पद आणले, प्रशिक्षण १८ महिन्यांचे; पण आधी नर्स असायला हवे. जुन्या सुईणीला त्यात शिरकाव नाही. जापेवालीला तर प्रसूतीच्या खोलीशीच संबंध नाही. तिचे काम बाळंतीण घरी आल्यावर: तेल, शेक, धुरी आणि बाळाची अंघोळ.